रात्रीची भीती, स्वप्नं आणि विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थना सभा असते. सभा संपली, चहा झाला, की दाराशी चपला घालता घालता एखादी हळूच बाजूला घेते. "सिस्टर, एक विचारू? कुणाला सांगू नका." पुढचा प्रश्न बहुतेक वेळा स्वप्नाचा असतो. आता पुरुषही विचारतात, फोनवर निरोप पाठवून. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी पाळक नाही आणि डॉक्टरही नाही. एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. माणसं रात्री तीन वाजता कशी घाबरतात ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या पाळकसाहेबांनी हे सगळं वाचून घेतलं आहे.

१. वाईट स्वप्न पडलं म्हणजे देव माझ्यावर नाराज आहे का?

नाही. ईयोबाचं पुस्तक काढा, सातवा अध्याय, तेरावी आणि चौदावी ओवी. ईयोब म्हणतो, अंथरुणावर पडलो की बरं वाटेल असं मला वाटतं, तेव्हा तू मला स्वप्नांनी घाबरवतोस. हे कोण बोलतंय? ज्याच्याविषयी देवाने स्वतः म्हटलं की याच्यासारखा सात्त्विक आणि सरळ माणूस पृथ्वीवर नाही, तो माणूस. दानीएलही रात्रीच्या दृष्टान्तांनी इतका हादरला की त्याचा चेहरा उतरला (दानीएल ७:२८). घाबरवणारी रात्र ही शिक्षेची खूण असती तर या दोघांना ती आलीच नसती.

२. मग अशी स्वप्नं येतात तरी कुठून?

बहुतेक स्वप्नं आपल्याच दिवसातून येतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. उपदेशकही म्हणतो की कामाच्या व्यापामुळे स्वप्न पडतं (५:३).

शरीराचाही त्यात मोठा हात असतो. ताप असला की भयंकर स्वप्नं पडतात, वॉर्डात हे रोज दिसायचं. रक्तदाबाच्या आणि मायग्रेनच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, दारू एकदम सोडल्यानंतरचे दिवस, या सगळ्यांनी स्वप्नं गडद होतात. अपुरी आणि तुटक झोप हे आपल्या भागातलं फार मोठं कारण. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी मुलं, वाशीच्या मार्केटला जायला मध्यरात्री उठणारे हमाल आणि व्यापारी, पहाटेची पहिली गाडी धरणाऱ्या बायका. सलग सात तासांची झोप त्यांच्या वाट्याला येतच नाही. एक भाऊ मला सांगत होता की त्याच्यावर कुणीतरी काहीतरी केलंय. त्याचा ड्युटीचा तक्ता पाहिला तर एका महिन्यात तीन वेळा पाळी बदललेली.

३. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं सगळेच म्हणतात. बायबल काय म्हणतं?

बायबलमध्ये असं कुठेही नाही. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि ज्या टप्प्यात ठसठशीत स्वप्नं पडतात तो टप्पा पहाटेकडे लांबत जातो. त्यातूनच जाग आली की स्वप्न जसंच्या तसं आठवतं. म्हणून ते जास्त खरं वाटतं, एवढंच.

४. दात पडलेले दिसले, साप दिसला, घरात लग्न दिसलं. याचा अर्थ काय?

मी अर्थ सांगत नाही, आणि जो लगेच सांगतो त्याच्यापासून जपून राहा. पवित्र शास्त्रात स्वप्नांचा कोश नाही. तुरुंगात योसेफाला स्वप्नं सांगितली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं की अर्थ सांगणं देवाकडे असतं (उत्पत्ती ४०:८). त्याच्याकडे तयार यादी नव्हती.

दात पडले की घरातलं कुणीतरी जातं, ही समजूत आपल्यात फार खोल आहे. आमच्यातल्या एका बहिणीने असं स्वप्न पडल्यावर दीड महिना रोज सकाळी सहा वाजता गावाला भावाला फोन केला. भाऊ ठणठणीत होता. तिच्या दाढेला मात्र खरंच कीड लागली होती आणि ती रात्री दात खात होती. दंतवैद्याने ते पाच मिनिटांत ओळखलं.

५. देव आजही स्वप्नातून बोलतो का? आणि ते देवाचंच आहे हे कसं ओळखायचं?

बोलू शकतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएलाचं वचन घेऊनच सांगितलं की तुमच्या वृद्धांना स्वप्नं पडतील (प्रेषितांची कृत्ये २:१७). आपल्या मंडळ्यांमध्ये कितीतरी जणांची साक्ष स्वप्नाने सुरू होते. पांढऱ्या वस्त्रातला कुणीतरी दिसला, हाक ऐकू आली. मी त्या साक्षी आदराने ऐकते. पण एक गोष्ट लक्षात आली आहे. ज्यांचा विश्वास टिकला, ते त्या स्वप्नानंतर कुणाकडे तरी गेले, वचन शिकले, महिनोन्‌महिने उपासनेला बसले आणि मग बाप्तिस्मा घेतला. स्वप्नाने त्यांना दारापर्यंत आणलं, आत मात्र ते स्वतः चालत आले.

मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत पाच स्वप्नं आहेत, चार मरीयेचा नवरा योसेफ याची आणि एक मागी लोकांचं, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचं. ती एकदा सलग वाचा. किती थोडक्यात आहेत! मरीयेचा स्वीकार कर. ऊठ, बाळ आणि त्याची आई यांना घेऊन मिसरात पळून जा. आता परत ये. प्रत्येकात लगेच करायचं एक काम आहे आणि ते दुबळ्या जिवाला वाचवण्यासाठी आहे. योसेफाला त्यातून मोठेपणा मिळाला नाही, मिळाला तो रात्रीचा प्रवास. कॅथलिक घरांमध्ये हल्ली झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती दिसते. पोप फ्रान्सिस अडचणीची चिठ्ठी लिहून त्या मूर्तीखाली ठेवत असत, हे त्यांनी २०१५ साली मनिला इथे स्वतः सांगितलं होतं.

ओळखण्याचं म्हणाल तर, स्वप्न वचनाच्या विरुद्ध नेत असेल तर ते खरं ठरलं तरी सोडून द्यायचं. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात हे इतक्याच कडक शब्दांत आहे. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात देव विचारतो, गव्हापुढे भुसकटाचं काय? गहू म्हणजे त्याचं वचन. दुसरं, घाई करू नका. नोकरी सोडणं, लग्न ठरवणं किंवा मोडणं, घर विकणं यातलं काहीही एका स्वप्नावर करू नका. पाळकांना आणि दोन समंजस वडीलधाऱ्यांना सांगा. आणि ज्या स्वप्नात तुम्हीच सगळ्यांपेक्षा मोठे ठरता, त्याकडे जरा जास्तच बारकाईने पाहा.

६. मध्यरात्री जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. येशूचं नाव घ्यायला जाते तर तोंडच उघडत नाही. हा सैतानाचा हल्ला आहे का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा आवाज प्रत्येक वेळी कापतो.

आधी शरीराचं. स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं उठून करायला लागू. कधी कधी मन जागं होतं, पण ही पकड सुटलेली नसते. डोळे उघडे, खोली दिसतेय, पण शरीर झोपेतच. श्वास चालू असतो, मात्र छातीचे स्नायू सैल असल्यामुळे कुणीतरी दाबतंय असं वाटतं. स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीत मिसळतो आणि दाराशी सावली दिसते. काही सेकंद, फार तर दोनेक मिनिटं हे चालतं आणि आपोआप सुटतं. जगभर हे होतं, सगळ्या धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसांनाही. उताणं झोपल्यावर आणि झोप बिघडल्यावर जास्त होतं. माझं सांगते. सलग सहा रात्रपाळ्यांनंतर दुपारी झोपले होते. पंखा फिरताना दिसत होता, स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावत होत्या तेही ऐकू येत होतं, आणि मला बोट हलवता येईना. वाटलं, मी मेले आणि कुणाला कळलंच नाही.

आता नाव घेता न येण्याचं. या गोष्टीने बायका आतून खचतात. "माझ्यात विश्वास असता तर नाव निघालं असतं." अहो, जीभसुद्धा स्नायूच आहे! त्या क्षणी नवऱ्याचं नाव निघालं नसतं, आईचंही नाही. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता (१ शमुवेल १:१३). एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. देवाने मात्र ऐकलं. तुमचे ओठही हलले नाहीत तरी त्याला ऐकू येतं. मनातल्या मनात नाव घ्या, अंगठा किंवा जीभ हळूच हलवायचा प्रयत्न करा, श्वास मोजा. जोर लावू नका, जोराने भीती वाढते. आणि कुशीवर झोपत जा.

७. मग सैतान, दुरात्मे हे सगळं खोटं म्हणायचं का?

असं मी म्हटलं नाही. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नव्हे, असं पौल लिहितो (इफिस ६:१२), आणि मी ते मानते. पण त्याच उताऱ्यात पुढे शस्त्रं कोणती आहेत बघा. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल. ही जागेपणी वापरायची शस्त्रं आहेत. माझा अनुभव असा की खरी लढाई स्वप्नात होत नाही, ती सकाळी होते. स्वप्न तर संपलेलं असतं. मग मनात कुजबुज सुरू होते की तुला टाकून दिलंय, प्रार्थनेचा उपयोग नाही, कुणाला सांगू नकोस, हसतील. शत्रूचं काम ओळखायचं तर ते इथे ओळखा. या कुजबुजीला उत्तर द्यायला वचन आहे (रोम ८:१ तोंडपाठ करा), आणि ती मोडायचा सोपा मार्ग म्हणजे कुणाला तरी सांगणं.

८. स्वप्नात मी पाप केलं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेऊ की नको?

घ्या. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात देवापुढे मांडला होता. झोपेत मी तो मी नसतो का, असं त्यांनी विचारलं. पापाला मनाची संमती लागते आणि झोपेत ती देता येत नाही. जागेपणी तुम्ही तोच विचार मुद्दाम कुरवाळत असाल, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर तसलंच पाहत असाल, तर त्याबद्दल जरूर पश्चात्ताप करा. स्वप्नाबद्दल नाही.

९. वारलेली आई सारखी स्वप्नात येते. तिचा आत्मा अडकलाय का? शेजारी म्हणतात पितृपक्षात काहीतरी करा.

माझी आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. निरोप आला तेव्हा वॉर्डात सोडवायला दुसरं कुणी नव्हतं, मी पोहोचले तेव्हा सगळं झालं होतं. नंतर जवळजवळ वर्षभर एकच स्वप्न. बाहेर धो धो पाऊस, आई दार वाजवतेय, आणि मला आतली कडी निघत नाही. गंजलेली कडी, हाताला लालसर गंज लागलेला, तो मला आजही दिसतो. एका उपदेशकाने प्रार्थना करता करता सांगितलं की तू काहीतरी पाप लपवतेयस, म्हणून ती येते. त्यानंतर मी चार महिने कुणालाच काही बोलले नाही. शेवटी आमच्या त्या वेळच्या पाळकांच्या पत्नी घरी आल्या, भाजी निवडत बसल्या आणि म्हणाल्या, त्या रात्रीचं मला सगळं सांग, पहिल्यापासून. मी सांगितलं. दोन मेथीच्या जुड्या निवडून होईपर्यंत बोलत होते. स्वप्न लगेच थांबलं नाही, पण कमी झालं. पुढे एकदा आई आली आणि नुसती ओट्याशी उभी राहिली.

मृतांना बोलावणं, त्यांच्याकडून सल्ला मागणं शास्त्राने मना केलं आहे (अनुवाद १८:११). पण स्वप्नात आई दिसणं म्हणजे तुम्ही तिला बोलावणं नव्हे. ते दुःख आहे, ते मोकळं होऊ द्या. ती ख्रिस्ताच्या हाती आहे. कॅथलिक कुटुंबं तिच्यासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्पण करतात, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतात. आम्ही कबर स्वच्छ करतो, फुलं ठेवतो आणि पुनरुत्थानाच्या आशेचं गीत म्हणतो. शेजारी मायेने सांगतात, त्यांना तोडून बोलू नका. आमच्यात असं करतो, एवढं सांगितलं तरी पुरतं.

१०. पाच वर्षांचा मुलगा झोपल्यावर तासा-दीड तासाने किंचाळत उठतो, आम्हाला ओळखत नाही. सकाळी त्याला काहीच आठवत नाही.

हे दुःस्वप्न नाही. लहान मुलं गाढ झोपेतून अर्धवट जागी होतात तेव्हा असं घडतं, म्हणून ते रात्रीच्या पहिल्या भागात होतं. त्याला गदागदा हलवू नका, पाणी मारू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं पाहा आणि हळू आवाजात प्रार्थना म्हणा. बहुतेक मुलांचं वयाबरोबर आपोआप थांबतं. आठवड्यात बरेचदा होत असेल किंवा अंगाला झटके येत असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याच्यादेखत "याच्यात काहीतरी शिरलंय" हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका. रात्रीचं तो विसरतो, पण हे वाक्य विसरत नाही.

११. उशाखाली बायबल ठेवलं तर चालेल?

ठेवा, पण झोपण्याआधी उघडून एक स्तोत्र वाचा. न वाचता ठेवलेलं बायबल आणि मनगटाला बांधलेला गंडा यांत मग फारसा फरक राहत नाही.

१२. डॉक्टरकडे कधी जावं? गेले तर विश्वास कमी पडला असं होईल ना?

एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं (१ राजे १९). उपदेश केला नाही. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता.

दुःस्वप्नं आठवड्यातून अनेकदा पडत असतील, झोपायचीच भीती वाटत असेल, अपघात, मारहाण किंवा अत्याचार पुन्हा पुन्हा स्वप्नात घडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज काही मिनिटं तो नवा शेवट मनात आणायचा, अशी एक उपचारपद्धत आहे आणि तिचा गुण येतो. मोठमोठ्याने घोरणं आणि गुदमरून उठणं असेल तर श्वासाची तपासणी करा. पन्नाशीनंतर कुणी झोपेत लाथा मारायला, ओरडायला लागलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, ते कधी कधी कंपवाताच्या आधीचं लक्षण असतं. कुणाला दुरात्मा लागलाय म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं घरात ठेवू नका.

"ठाण्याला पाठवा याला" हे वाक्य महाराष्ट्रभर चेष्टेत बोलतात. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, त्यावरून ते आलं. आम्ही ठाण्यातच राहतो, आणि या एका चेष्टेपायी किती माणसं उपचाराविना राहिली ते मी पाहिलं आहे. तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, माणसं गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी जातात. घरातून निघणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नका, आत्ता फोन करा आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा.

१३. एका सुटकेच्या सभेत सांगितलं की गोळ्या बंद करा, सात दिवस उपास करा, मग दुरात्मा निघेल. काय करू?

गोळ्या बंद करू नका. मनाची काही औषधं एकदम थांबवली की दुःस्वप्नं आणखी भडकतात, आणि मग तेच लोक म्हणतात, बघा, दुरात्मा चिडला. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. तिला पुन्हा सावरायला आठ महिने लागले, आणि चर्चचं दार पाहिलं तरी ती आजही थरथरते. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

हात ठेवून साधी प्रार्थना करणं वेगळं. मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करणारा येशूचं नाव घेत असला तरीही. कॅथलिक चर्चमध्ये भूतबाधा काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुठलाही धर्मगुरू करू शकत नाही, आणि परवानगी देण्याआधी आजाराची शक्यता तपासली जाते. पैसे मागितले, एकटीला बंद खोलीत बोलावलं, घरच्यांना सांगू नको म्हटलं, तर तिथून निघा.

१४. दुसऱ्या कुणाबद्दल वाईट स्वप्न पडलं, तर त्याला सांगावं का?

शक्यतो नको. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी सहज फोन करून कसा आहेस विचारा. "तू मेलेला दिसलास" हे ऐकून कुणाचं भलं होत नाही. येशूचा न्याय करणाऱ्या पिलाताच्या बायकोने स्वप्नाचं सांगितलं होतं हे खरं (मत्तय २७:१९), पण ती एका निर्दोष माणसावरचा अन्याय थांबवायला सांगत होती, आणि तो अन्याय तिच्या डोळ्यांसमोर दिवसाउजेडी चालला होता.

१५. रात्री अडीचला दचकून जाग आली, तर नेमकं काय करू?

दिवा लावा. उठून बसा, पाय जमिनीवर टेकवा, फरशीचा गारवा जाणवू द्या. पाणी प्या. मोठ्याने म्हणा की मी घरी आहे, आज अमुक वार आहे, बाहेरून घोडबंदर रोडवरच्या ट्रकचा आवाज येतोय. मग स्तोत्र चौथं किंवा एकशे एकविसावं. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपतही नाही, त्यामुळे तुम्हाला पहारा करायची गरज नाही. रात्रीच्या प्रार्थनेच्या एका जुन्या लॅटिन गीतात शतकानुशतकं मागणं आहे की रात्रीची स्वप्नं आणि भास दूर राहोत. म्हणजे तुमच्या आधी कितीतरी जण हेच मागून झोपले आहेत. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नका, बाहेरच्या खोलीत बसा. मोबाइल उघडू नका. आणि स्वप्नाचा अर्थ शोधू नका, तो सकाळीही शोधायचा नाही (प्रश्न ४).

आमच्या सभेतल्या तिघीजणींनी रात्री फोन घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांचे क्रमांक गुरुवारी मागून घ्या. "उगाच झोपमोड कशाला" असं म्हणू नका, त्यांनी स्वतःहून सांगितलं आहे.

१६. मला स्वप्नंच पडत नाहीत. माझ्यात पवित्र आत्मा कमी आहे का?

स्वप्नं सगळ्यांना पडतात. तुमची झोप चांगली आहे, म्हणून ती आठवत नाहीत. येशूच्या त्या एकाच कुटुंबात योसेफाला निरोप झोपेत आला आणि मरीयेकडे देवदूत आला तेव्हा ती जागी होती, तिने त्याला उलट प्रश्नही विचारला.